मोराची रकाबी आणि भेंडीची फुलं

माझ्या मांडणीवर एकीला दुसरी जुळेल अशी बशी सापडणार नाही. गुलाबांची आहे, निळ्या पुलाची आहे, हिरवी माशांची आहे, पिवळ्या काठाची आहे. नवीन पाहुण्यांना वाटतं, बाईंचे सेट फुटत गेले आणि हे उरलंसुरलं. तसं नाही. बाकी सगळ्या बाबतींत मी शिस्तीची आहे. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावते, विजेचं बिल आलं त्याच दिवशी भरते आणि किराण्याची यादी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमानं लिहिते, म्हणजे मागं फिरावं लागत नाही. बशांच्या बाबतीत मात्र मी मुद्दाम बेमेळ आहे. या बेमेळाची शिकवण मला औरंगाबादच्या बेगमपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मिळाली, अकरावीत असताना, आणि ती शिकवण देणाऱ्या दोन्ही बायका शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या.

एक माझी आई. सोयगावकडच्या शेतकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छी नाही. दुसरी समोरच्या घरातली चाची. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे चाचांचं, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि तिची मुलगी पहिलीपासून माझी मैत्रीण. आई चाचीला ‘भाबी’ म्हणायची आणि चाची आईला ‘वैनी’. दोघींनी एकमेकींचा शब्द उचलला होता आणि तो परत करायचं कुणाच्या मनात नव्हतं. भांडी मात्र परत करायच्या, आणि रिकामी कधीच नाही. ईदला चाचीकडून कोऱ्या शेवया, खारीक, चारोळी आली की त्याच भांड्यात आईचा गूळ-शेंगदाणा जायचा. दिवाळीच्या करंज्या गेल्या की डब्यात खजूर घालून डबा यायचा. आपल्याकडून हा फेरा थांबला असं कुणी म्हणू नये, म्हणून दोघी जपायच्या.

त्या वर्षी मैत्रिणीला हैदराबादचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, बँकेत होता, आणि मैत्रिणीला तो आवडला होता, हे मला तिनं गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड सांगितलं होतं. मुलाची आईही राजी होती. पण त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आजीचा, सगळे त्यांना दादीमाँ म्हणत. आणि दादीमाँच्या कानाशी लागलेली त्यांची मुलगी, म्हणजे मुलाची आत्या. तिला सगळे फूफी म्हणत. फूफीच्या मनात मुलासाठी दुसरीच कुणी होती.

पहिल्या खेपेला फूफी एकटीच पाहायला आली होती. तिनं गल्ली अरुंद आहे म्हटलं, पाणी जड आहे म्हटलं, चहात इलायची कमी आहे म्हटलं. कौतुक एकाच गोष्टीचं केलं. चाचीला लग्नात मिळालेली पांढरी चिनीमातीची भांडी होती, काठाला सोनेरी रेघ. बशी उलटून पाहत फूफी म्हणाली होती, “बर्तन तो सलीके के हैं.” चाचीनं ते वाक्य गल्लीभर सांगितलं. आता रविवारी दादीमाँ स्वतः येणार होत्या, दुपारी जेवण होतं, नान-कलियाचं, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणि तिथंच होय की नाही ते ठरणार होतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, चाचीच्या भिंतीतली फळी कोसळली. तिला आतून वाळवी लागली होती. सोनेरी काठाच्या भांड्यांपैकी एक चहादाणी आणि दोन बशा तेवढ्या वाचल्या.

आम्ही धावत गेलो तर चाची उंबऱ्यावर बसली होती, पदरात तुकडे घेऊन.

“सब गया, वैनी. उस फूफी कू मेरे घर में एकच चीज पसंद आई थी. वोच गई.”

“कुणाच्या अंगावर तर नाय ना पडली?” आईनं विचारलं.

“नै.”

“मंग उठा. भांडं गेलं, पोरगी नाय गेली.”

चाचा म्हणाले, मंडपवाल्याकडून स्टीलच्या थाळ्या आणतो, त्यात काय एवढं.

“हौ,” चाची म्हणाली, “और दादीमाँ हर निवाले के साथ मंडपवाले का नाम पढ़तीं बैठेंगी. नक्को.”

रोजच्या वापरात तिच्याकडे तामचिनीच्या ताटल्या होत्या, पण त्यांचा रंग कडेनं उडून आतलं काळं लोखंड दिसत होतं. आणि फूफी गेल्या खेपेला जाता जाता बोलून गेली होती की आमच्या एका नातेवाइकांकडे पाहुण्यांना तामचिनीत वाढतात, तौबा.

आईनं चाचीच्या पदरातले तुकडे सुपात काढून घेतले. मग म्हणाली, “भाबी, या गल्लीत रकाब्या काय कमी हायत का? समद्यांनी काचेच्या कपाटात कोंडून ठिवल्यात. पोरी, तुझी वही आण.”

मी तेव्हाही वही बाळगायचे. गृहपाठाची नव्हे, कामांची. गल्लीतले लोक हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी आणि मैत्रीण दारोदार फिरलो. आधी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण आमच्या त्या धुळीच्या गल्लीत केवढे रंग कोंडलेले होते! गणिताच्या बाईंकडे निळ्या रकाब्या, वर पूल, पुलावर छत्री घेतलेली माणसं. कोपऱ्यावरच्या मारवाडी काकूंकडे पिवळेधमक वाडगे, आतून पांढरे, उन्हात धरले की अंड्याच्या बलकासारखे. चाचांच्या रोशन गेटच्या बहिणीनं हिरव्या, माशांच्या रकाब्या पाठवल्या. आमच्या गुलाबांच्या बशा होत्या, पाकळ्यांच्या कडा घासून फिक्या झालेल्या. भांडी मिळायला काहीच अडचण आली नाही. अडचण होती ती अटींची.

बाई म्हणाल्या, “कलिया वाढा, काही हरकत नाही. पण धुवायला मी स्वतः येणार. तुम्ही मुली राख लावता, नक्षी जाते.”

काकू म्हणाल्या, “कांदा-लसूणसुद्धा लागता कामा नये हं. सुकामेवा ठेवा फक्त. लागला तर वाडगा परत आणूच नका, तिकडंच राहू द्या.”

रोशन गेटच्या आपा म्हणाल्या, “कुछ भी डालो, बस लड़की की बात जमने दो.”

आणि सगळ्यांत कडक अट माझ्या आईची. गुलाबाच्या बशांबद्दल ती फारसं बोलली नाही. पण तिनं मोराची रकाबी काढली.

ही रकाबी आमच्या घराची शान होती. मोठी, पसरट, मधोमध निळा मोर आणि त्याचा पिसारा सबंध काठावर फिरलेला, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात सोन्याचा ठिपका. पोलीस ॲक्शननंतर, निजामी गेल्यावर, कितीतरी मोठ्या घरांतलं सामान शहागंजच्या जुन्या बाजारात रस्त्यावर मांडलेलं असायचं. तिथून माझ्या आजोबांनी ती आणली. ती कुठल्या घरची, तिच्यात काय काय वाढलं असेल, म्हणून आजीनं स्वयंपाकघरात घेतलीच नाही, वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवली. आई लग्न होऊन आली, माळा झाडताना तिला ती दिसली आणि तिनं ती सरळ खाली आणली. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ त्याच रकाबीत. एरवी ती फक्त पाहायची.

“ही बी घ्या,” आई म्हणाली. “मधोमध ठिवा, शोभंल. पण गोडच वाढायचं हिच्यात. दुसरं कायबी नाय. शब्द दे.”

मी शब्द दिला. असे चार घरी शब्द दिले. मग संध्याकाळी ओट्यावर बसून वही उघडली. वाढपाच्या घाईत कोणती बशी कशासाठी, हे लक्षात कोण ठेवणार? चाचीच्या घरात त्या दिवशी चुलतबहिणी, मावश्या, शेजारणी, सगळ्याच वाढायला असणार.

“हर एक पे चिठ्ठी चिपका देते,” मैत्रीण म्हणाली, आणि लगेच स्वतःच नाक मुरडलं. “नै गं. दुकान दिसेल.”

तेव्हा चाचीनं पलंगाखालून कागदाचा गठ्ठा ओढला.

चाचीचं माहेर कागजीपुऱ्याचं, दौलताबादच्या पलीकडचं. तिचे भाऊ हातकागद बनवत. येताना ते कडेनं वाकडे झालेले, विकायला न जमणारे ताव घेऊन यायचे आणि चाची ते कपाटात घालायला वापरायची. हातात घेतला की तो कागद कापडासारखा वाटायचा. जाड, साईच्या रंगाचा, मध्येच एखादा सुताचा धागा दिसणारा, आणि कडा पिसासारख्या.

“कडा कापू नक्को,” चाची म्हणाली. “उसीमें तो जान है.”

तर तीन संध्याकाळी आम्ही कार्डं केली. काम मी वाटून दिलं. मैत्रीण ताव पट्टीवर दाबून फाडायची, म्हणजे कडा तशीच राहायची, आणि मधोमध दुमडून तंबूसारखं उभं राहील असं कार्ड करायची. रंग मी केले. हळद, आळता, कपड्याची नीळ, पालकाचा रस. ठशाला भेंडी. भेंडी आडवी कापली की आपोआप फूल मिळतं, आणि देठाजवळचं मोठं, टोकाजवळचं लहान. गुलाबाच्या बशांच्या कार्डांवर आळत्याची फुलं, पुलाच्या रकाब्यांना निळी, वाडग्यांना हळदीची, माशांना पालकाची हिरवी. प्रत्येक कार्ड आपल्या बशीचं दिसायला हवं, हा माझा नियम. मोराच्या कार्डावर मैत्रिणीनं काडीनं एक पीस काढलं, आणि भेंडीचं सगळ्यांत छोटं फूल त्या पिसाच्या डोळ्यात टेकवलं.

लिहायचं काय, ते ठरलेलं होतं. मीठे के लिए, मेवे के लिए, नान-कलिया. पण लिहायचं कुणी? पाहुण्यांना उर्दू हवी. चाचांचं अक्षर बघून त्यांचीच गिऱ्हाइकं पावती परत करायची. मैत्रीण माझ्याबरोबर मराठी शाळेत होती. चाची म्हणाली, “भाईसाब कू पूछो.”

भाईसाब म्हणजे माझे वडील. ते निजामी शाळेत उर्दूत शिकले, पुढं शाळा मराठी झाल्या, नोकरीही मराठीत झाली, पण हात त्या जुन्या वळणाचाच राहिला होता. वाणसामानाचा हिशेबही ते उजवीकडून डावीकडे करत, असं आई म्हणायची. त्यांनी चष्मा पुसला, बोरू तासला, आणि सबंध शनिवार संध्याकाळ ते आमच्या ओट्यावर मांडी घालून कार्डं लिहीत बसले. अक्षरं अशी पडत होती की जणू भेंडीच्या फुलांना वेल फुटतायत. येणारे-जाणारे थांबून पाहायचे.

चाचांनी सायकल उभी केली आणि म्हणाले, “भाईसाब, आमची उर्दू आता तुमच्याच घरी ठेवा. आमच्याकडं तिची आबाळ व्हायलीय.”

“मग तुमच्याकडून ज्ञानेश्वरी वाचून घेऊ,” वडील मान वर न करता म्हणाले.

शेवटी मी प्रत्येक भांड्याच्या तळाला मैत्रिणीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. एक ठिपका आमचा, दोन बाईंचे, तीन काकूंचे, चार आपांचे. चिनीमातीवर नाव घालता येत नाही, आणि परत देताना मला घोळ नको होता.

रविवारी चाचीच्या मोठ्या खोलीत पांढरं दस्तरख्वान अंथरलं आणि आम्ही भांडी मांडली. मोठ्या रकाब्या बसणाऱ्यांच्या पुढ्यात, लहान बशा आणि वाडगे मधल्या रांगेत, मोर मधोमध, आणि प्रत्येकापुढं त्याचं कार्ड. मांडून झाल्यावर आम्ही दाराशी उभं राहून पाहिलं. निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी, सगळे एकदम बोलत होते आणि तरी भांडत नव्हते. चाचीनं तोंडावर पदर धरला. “या अल्ला,” ती म्हणाली, “ये मेरा घर है?”

पाहुण्या आल्या. बायकांची पंगत आत, पुरुषांची बाहेर. आई, बाई आणि काकू भिंतीशी चटईवर बसल्या होत्या. त्या फक्त गोड घेणार होत्या. दादीमाँ लहानखुऱ्या, पांढऱ्या ओढणीतल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूच बसल्या. फूफी बसलीच नाही. उभ्या उभ्या तिनं सगळ्या दस्तरख्वानावरून नजर फिरवली. मला कळलं ती काय शोधतेय.

“वो सुनहरी किनारीवाले बर्तन नहीं निकाले?”

चाचीच्या हातातली सुरई थांबली. मैत्रीण आत पडद्याआड उभी होती; पडदा हलला. मी वहीत सगळं लिहिलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहिलं होतं.

तेवढ्यात दादीमाँनी पुढचं कार्ड उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. बोटानं कड चाचपली.

“माशाअल्लाह. क्या हाथ है! ये किसने लिखा?”

“पड़ोस के भाईसाब ने,” चाची म्हणाली आणि आईकडे बोट दाखवलं. “इनके घरवाले.”

दादीमाँनी आईच्या कुंकवाकडे पाहिलं, मग कार्डाकडे, आणि मान डोलावली. “और ये क्या दस्तूर है औरंगाबाद का? हर रकाबी अलग, और हर रकाबी का परचा अलग?”

चाचीनं सुरई खाली ठेवली.

“जी हौ, दादीमाँ. हमारे यहाँ ऐसाच है.”

“व्हय व्हय,” भिंतीकडून आई म्हणाली. “ऐसाच.”

बाईंनी आणि काकूंनीही माना हलवल्या, जणू गल्लीत पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय. फूफी बसली. मला वाटलं, जिंकलो.

आणि जेवण सुरू झालं.

मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त हैदराबादी अदबीचा केला नव्हता. आमच्याकडे ताट पुढ्यात आलं की माणूस जेवायला लागतो. त्यांच्याकडे पुढ्यात आलेली रकाबी आधी शेजारणीला द्यायची. “आप लीजिए.” “नहीं नहीं, पहले आप.” “हाय अल्ला, मैं कैसे, आप बड़ी हैं.” माझ्या डोळ्यांदेखत भांडी चालू लागली. पुलाच्या रकाब्या डावीकडून उजवीकडे गेल्या, मासे समोरच्या रांगेत पोहोचले, मधल्या रांगेतल्या गुलाबाच्या बशा लोकांच्या मांडीपर्यंत आल्या, आणि कार्डं बिचारी जागच्या जागी उभी राहिली. एक मावशी पिवळा वाडगा घेऊन कलियाच्या पातेल्याकडे वळली. काकूंनी भिंतीशी श्वास रोखला. पडद्याआडून मैत्रिणीचा हात आला आणि मूठभर बदाम त्या वाडग्यात पडले. “खाला, पहले मेवा,” आतून आवाज आला. वाडगा वाचला.

मी पाण्याचा तांब्या घेऊन रांगेतून धावत होते, एकीकडची बशी उचलून दुसरीकडे ठेवत होते, आणि लोकांना वाटत होतं काय अदबीची मुलगी आहे. मग मी वळले आणि पाहिलं.

फूफीनं मोराची रकाबी उचलली होती. तिनं तरी दुसरं काय करायचं? दस्तरख्वानावरची सगळ्यांत सुंदर रकाबी सगळ्यांत मोठ्या माणसाला द्यायची. तिनं मोराच्या पोटावर दोन शामी कबाब ठेवले, बाजूला लिंबाची फोड, आणि ती दोन्ही हातांनी दादीमाँपुढं धरली. “अम्मी, आप इसमें.”

माझ्या हातातलं पाणी सांडलं. फूफीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर जिथं होती तिथं, भिंतीशी बसलेल्या माझ्या आईकडे. फूफी आगाऊ होती, पण आंधळी नव्हती. तिनं मोराचं कार्ड उचललं आणि वाचलं.

“मीठे के लिए,” ती मोठ्यानं म्हणाली. तिचा चेहरा उतरला. “ये... ये इनकी रकाबी है? इनके घर में तो...” ती तुळशीच्या माळेकडे पाहत होती. “या अल्ला. किसीने बताया नहीं हमें.”

खोलीत कुणी घास उचलेना. दादीमाँ रकाबी हातात धरून तशाच. परत ठेवावी तर अपमान, खावं तर दुसऱ्याचा धर्म बुडतो. चाची पांढरीफटक. मला स्पष्ट दिसत होतं पुढं काय होणार: पाहुण्या ओशाळणार, ओशाळलेला माणूस रागावतो, आणि फूफी आयुष्यभर म्हणणार की त्या घरी आम्हाला खाली बघायला लावलं.

आईनं माळेला हात लावला. मग तोच हात तिनं दादीमाँकडे केला आणि आपल्या सोयगावी हिंदीत म्हणाली,

“ऱ्हाने दो, माजी. खावो तुम. उस मोर कू भी कभी भूक लगती की नै?”

सगळ्यांत आधी हसली ती फूफी. साधं नाही, अंग हलवून, ओढणी डोळ्यांना लावून. तिच्यामागून सगळी खोली हसली. बाहेरून पुरुषांनी विचारलं, काय झालं? दादीमाँनी कबाबाचा तुकडा मोडला, मोराच्या चोचीशी नेऊन दाखवला, आणि मग तोंडात घातला.

“अब तो ये मोर हमारा मेहमान हुआ,” त्या म्हणाल्या.

मी आईमागून चाचीच्या स्वयंपाकघरात गेले. मला रडू येत होतं. मी शब्द दिला होता.

“आई, तुझी रकाबी...”

“काय झालं तिला? फुटली?”

“नाही, पण त्यात...”

“अगं ए शहाणे,” आई माठातून पाणी घेत म्हणाली, “तुझ्या आज्यानं ती कुठून आणली ठाव हाय नव्हं? नवाबाच्या घरची व्हती ती. आपल्याकडं यायच्या आधी तिनं काय तिळगूळ खाल्ला व्हता? लई वर्सांनी तिला तिचं माहेरचं जेवण भेटलं आज. धू म्हंजे झालं.”

चाची चुलीशी उभी राहून ऐकत होती. तिनं आईच्या हातातला गडू घेतला, पाणी स्वतः भरलं आणि तिला दिलं. आई ते प्यायली. आमच्या लहानपणी चाचीच्या घरचं पाणी आई कधी प्यायली नव्हती, हे मला त्या घोटाला आठवलं.

डबल का मीठा वाढून झाल्यावर दादीमाँनी पडद्याआडून मैत्रिणीला बाहेर बोलावलं, शेजारी बसवलं आणि आपल्या हातानं तिच्या तोंडात घास घातला. एवढ्यानंच सगळ्यांना कळलं. फूफीनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून मैत्रिणीच्या बोटात घातली आणि म्हणाली, “बात पक्की.” मग, उठता उठता, तिनं मोराचं कार्ड पर्समध्ये टाकलं. दादीमाँनी पुलाचं घेतलं. मग सगळ्यांनीच उचलली. बघता बघता आमची तीन संध्याकाळची भेंडी हैदराबादच्या गाडीला लागली.

कार्डं गेल्यावर कोणती भांडी कुणाची, हा घोळ झाला असता. पण तळाला ठिपके होते. बाईंनी पदर खोचून आपल्या रकाब्या आपणच धुतल्या आणि इतरांच्याही धुतल्या. दिवेलागणीपर्यंत प्रत्येक भांडं आपापल्या घरी होतं, टवका न उडालेलं, आणि एकही रिकामं नाही. काकूंच्या वाडग्यांत खडीसाखर. बाईंच्या रकाब्यांत केळी. मोराची रकाबी चाची स्वतः घेऊन आली, दोन्ही हातांनी, वर तिचा लग्नातला जरीचा रुमाल. खाली तीळ होते आणि गुळाचा खडा.

“संक्रांत कू अभी टाइम है, भाबी,” आई म्हणाली. आपण चाचीच्याच बोलीत बोललो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

“तो तब तक तीळ साफ करो, वैनी,” चाची म्हणाली.

संक्रांतीला ती रकाबी नेहमीच्या जागी, हळदीकुंकवाच्या पाटावर होती. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंनी तिळगूळ घेता घेता हळूच विचारलं, “अहो, ऐकलं ते खरं का? याच रकाबीत म्हणे...”

“व्हय,” आई म्हणाली. “घ्या, गोड बोला.”

त्या बाईंनी घेतला. खाल्लाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मैत्रिणीच्या मुलीची मंगनी ठरली आणि मी हैदराबादला गेले. आई आणि चाची दोघी तोवर राहिल्या नव्हत्या. मोराची रकाबी माझ्या मांडणीवर आली होती, आणि तिच्याशेजारी बाईंनी, आपांनी आठवण म्हणून दिलेली एकेक. त्यांच्या दिवाणखान्यात दस्तरख्वान अंथरलेलं होतं. मी दारातच थांबले. एकही रकाबी दुसरीसारखी नव्हती. जांभळी द्राक्षं, केशरी फुलं, हिरव्या रेघा, एक लाल, एक काळी पांढऱ्या ठिपक्यांची. आणि प्रत्येकीपुढं जाड हातकागदाचं दुमडलेलं कार्ड, कडा न कापलेल्या, वर भेंडीची फुलं.

मधोमध फूफी बसली होती, आता तीच त्या घरातली दादीमाँ. एक नवखी पाहुणी, मुंबईची असावी, कार्ड उलटंसुलटं करत म्हणाली, “किती वेगळी कल्पना आहे! हे तुम्हाला कुठं सापडलं?”

फूफीनं तिच्याकडे अशी नजर टाकली जशी पूर्वी आमच्या चहातल्या इलायचीवर टाकायची.

“औरंगाबाद का पुराना दस्तूर है,” ती म्हणाली. “आपको नहीं मालूम?” मग तिनं मला दारात पाहिलं आणि हात वर केला. “पूछिए इनसे. ये वहीं की हैं.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी चपला काढल्या, आत आले आणि बसले.

“जी हौ,” मी म्हणाले. “हमारे यहाँ ऐसाच है.”